तुमचं होऊ द्या, मंग माझं

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले लांबटकाका दुसऱ्या कोणी घास उचलला की स्वतःचं तोंड उघडतात. थोडंथोडकं नाही, चांगला आ वासतात. घास समोरच्याच्या तोंडात जाईपर्यंत ते तसंच उघडं राहतं आणि त्याचे ओठ मिटले की यांचेही मिटतात. मग गळ्याची घाटी एकदा वरखाली होते. खाल्लेलं मात्र काहीच नसतं.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते आम्ही इथे राहायला आलो त्याच आठवड्यात. खोकी उघडून उघडून आम्ही दमलो होतो, म्हणून माझ्या नवऱ्याने, नीलेशने, कोपऱ्यावरून तर्री-पोहे बांधून आणले होते. काका ओळख करून घ्यायला आले आणि दारातच उभे राहिले. मी चमचा उचलला, काकांचं तोंड उघडलं. मी चमचा खाली ठेवला, काकांचं तोंड मिटलं. पुन्हा उचलला, पुन्हा उघडलं. मला आधी वाटलं, यांना काही बोलायचं आहे. मग वाटलं, भूक लागली असेल.

"काका, घ्या ना थोडे पोहे," मी म्हटलं.

"नाई नाई बेटा," काका म्हणाले, "तुमचं होऊ द्या, मंग माझं."

आमचं झालं, पण काकांचं काही झालं नाही. ते नमस्कार करून निघून गेले.

हे वाक्य पुढे मी इतक्यांदा ऐकलं की नीलेश आणि मी घरातसुद्धा ते एकमेकांना म्हणू लागलो. आमच्या इमारतीच्या गणपतीला महाप्रसाद असतो. तिथे पंगतीत वाढायला लांबटकाकांसारखा माणूस नाही. कोणाच्या पानात वरण संपलं, कोणाला पाटोडीचा रस्सा हवाय, सगळं त्यांना न सांगता कळतं. फक्त ते वाढून झाल्यावर पुढे सरकत नाहीत. समोर वाकून, तोंड उघडून उभे राहतात आणि तुम्ही पहिला घास खाल्ला की मगच पुढच्या पानाकडे जातात. इमारतीतल्या लोकांना याची सवय आहे. मागच्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्यांचे व्याही कन्हानहून आले होते, त्यांना ती नव्हती. त्यांनी भाबडेपणाने आपल्या पानातला बुंदीचा लाडू उचलला आणि काकांच्या तोंडात ठेवून दिला. काकांनी तो अलगद बाहेर काढला, कपाळाला लावला, खिशात ठेवला आणि म्हणाले, "तुमचं होऊ द्या, मंग माझं." व्याही पुढे जेवलेच नाहीत म्हणे.

आता तुम्ही म्हणाल, असतात अशी माणसं, सोडून द्यावं. पण सोडून देणं हा माझा स्वभाव नाही. मला लोकांच्या घरांत काय शिजतंय ते जिन्यातल्या वासावरून ओळखायची वाईट खोड आहे. आमच्या मजल्यावर चार दारं. एकातून रविवारी सावजी मसाल्याचा वास येतो आणि डोळ्यांत पाणी आणतो. दुसऱ्यातून रोज मेथी येते, त्या घरच्या मुलांची मला दया येते. तिसरं आमचं. आणि चौथ्या, लांबटकाकांच्या दारातून कधीच काही येत नाही. फोडणी नाही, भाताची वाफ नाही, साधा करपलेल्या दुधाचा वासही नाही. फार तर कधी चहा. मग हा माणूस जेवतो कधी आणि काय? "डबा लावला असेल," नीलेश म्हणाला. मी लक्ष ठेवलं, डबा येत नव्हता. "तू काहून त्यायच्या मागं लागून राहिली?" असंही नीलेश म्हणाला, पण त्याला बुटीबोरीच्या कापडगिरणीत सकाळी लवकर जावं लागतं. माझ्या शाळेला सुट्टी असली की दिवसभर जिन्याशेजारी कोण राहतं? मी.

काकांबद्दल इतरांना ठाऊक होतं ते एवढंच, की बायको वारलेली आहे, मुलगी रायपूरला दिलेली आहे, आणि सगळी नोकरी वाडीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात गेली. तिथे ट्रक धक्क्याला लावून घेणं आणि माल भरणं-उतरवणं यावर ते देखरेख करत. ती नोकरी त्यांच्या बोलण्यातून अजून निवृत्त झालेली नाही. लिफ्ट बिघडली की "गाडी ब्रेकडाऊन हाये". जावई रायपूरहून उशिरा पोचला की "पार्टीले माल लेट भेटला".

दिवाळीच्या तोंडावर आमची रेवा झाली. आणि ती सहा महिन्यांची होऊन वरचं खाण्याची वेळ आली, तेव्हा लांबटकाकांचं तोंड आमच्या घरचा प्रश्न बनलं.

रेवाचं उष्टावण आम्ही थाटात केलं. माझा भाऊ वर्ध्याहून चांदीची वाटी घेऊन आला. मामाने पहिला घास द्यायचा असतो. त्याने खीर सोन्याच्या अंगठीला लावून भाचीच्या ओठांवर टेकवली. रेवाने ओठ असे घट्ट मिटले की जणू तिथे कोणी तोंड म्हणून काही बसवलंच नव्हतं. मामाने जरा जोर लावला. मग ती खीर मामाच्या नव्या शर्टावर, भटजींच्या पोथीवर आणि थोडी कूलरच्या जाळीत गेली. ती नंतर उन्हाने वाळून तिथून आठवडाभर वास देत होती.

त्यानंतर नाचणी झाली, वरणाचं पाणी झालं, गाजर झालं, केळं झालं, मऊ भात झाला. प्रत्येक पदार्थ ती फक्त जिभेने बाहेर ढकलायची, आणि ढकलताना माझ्याकडे कुतूहलाने बघायची, ही बाई हे काय चालवते आहे म्हणून. डॉक्टर म्हणाल्या, घाई नको, पण आता रोज देत राहा, वजन जागच्या जागी आहे. सासूबाई गावाहून फोनवर म्हणायच्या, "काहून वं, पोट्टी उपास धरून राहिली काय?" मोबाईलवर एक कोणी आई दिसायची. तिचं बाळ हसत हसत भोपळा खायचं. त्या बाईचा मला मनापासून राग येतो.

मजा इथे संपते, कारण बाळंतपणाची रजा संपत आली होती आणि मी शिकवते ती शाळा जूनअखेरीस उघडणार होती. गल्लीतल्या पाळणाघराच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, की अंगावर पिण्याशिवाय मूल काहीच घेत नसेल तर आम्ही दिवसभर ठेवून घेणार नाही. बाटलीला तर रेवा शत्रूच मानत होती. म्हणजे तिने खाल्लं तर माझी नोकरी, नाही तर राजीनामा. ती नोकरी मला आवडते. मे महिन्याच्या उन्हात, कूलरच्या घरघरीत, हातात वाटी-चमचा घेऊन मी रडलेली आहे, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

अशाच एका सकाळी, हवा खेळावी म्हणून दार उघडं होतं. रेवाला मांडीत आवळून, एका हाताने तिचे दोन्ही हात धरून मी चमचा पुढे नेत होते. मान वर केली तर दारात लांबटकाका, आ वासून.

"नोका करू बेटा जबरदस्ती," ते तोंड मिटून म्हणाले. "बंद फाळक्यावर माल फेकून राहिल्या तुम्ही. फाळका आधी खोला लागते."

फाळका म्हणजे ट्रकची मागची झडप. मी इतकी थकले होते की चमचा सरळ त्यांच्या हातात दिला. काका समोर मांडी घालून बसले. त्यांनी रेवाला नमस्कार केला. मग चमचा लांबून, अगदी सावकाश, तिच्या दिशेने आणायला लागले, आणि दुसऱ्या हाताने फरशीवर हलकेच थापा मारत म्हणाले, "आने दो… आने दो… आने दो…"

ट्रक मागे घेताना ड्रायव्हरला सांगतात ना, अगदी तसं. आणि चमचा जवळ येऊ लागला तसं काकांचं तोंड उघडलं.

रेवाने चमच्याकडे पाहिलंच नाही. ती काकांच्या तोंडात बघत होती. दाढांपर्यंत सगळं तिने न्याहाळलं. आणि मग, देवाशपथ सांगते, तिनेही आ केला.

"बस!" काकांनी फरशीवर शेवटची थाप मारली. त्याच क्षणी त्यांनी तोंड मिटलं आणि रेवानेही मिटलं. चमचा बाहेरच राहिला.

"धक्का चुकला," काका म्हणाले. "उद्या लागते बराबर."

ते रोज अकराच्या सुमारास येऊ लागले. रेवा त्यांच्या चपलांचा आवाज ओळखू लागली. तोंड तर ती आता इतकं सुंदर उघडायची की फोटो काढावा. पण घास ओठांशी आला की मिटायची, आणि वर गिळल्यासारखं करायची. काका रोज नवं कारण शोधायचे. माल गरम आहे. गाडी मोठी आहे, छोटी गाडी लावा. पार्टीचा मूड नाही. एकदा त्यांनी मला रेवाच्या मागे उभं केलं, का तर आरशात ट्रक दिसला की माणूस घाबरतो. एक उपाय लागू पडेल तर शपथ.

गंमत वेगळीच झाली. उन्हाळ्यात आमच्याकडे पाण्याचा टँकर येतो. तो फाटकातून मागे घेताना चौकीदार ओरडतो, "आने दो, आने दो!" मी रेवाला घेऊन गॅलरीत उभी होते. चौकीदार ओरडला आणि माझ्या कडेवर रेवाने टँकरकडे बघत भला मोठा आ केला. टँकर थांबला. रेवाने तोंड मिटलं, गिळलं, आणि समाधानाने माझ्याकडे पाहिलं.

मला हसू आलं आणि तिथेच सगळं उलगडलं. पोरीची चूक नव्हतीच. ती काकांचं बघून तंतोतंत तेच शिकली होती. जेवण म्हणजे तोंड उघडायचं, थांबायचं, रिकामं मिटायचं. काकांच्या तोंडात घास जाताना तिने कधी पाहिलाच नव्हता. तिनेच काय, मीही पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी मुगाची मऊ खिचडी जरा जास्त केली. "काका, ती तुमची नक्कल करते," मी म्हटलं. "तुम्ही एक घास खरंच खा. बघा, ती पण खाईल."

"नाई नाई. तिचं होऊ द्या, मंग माझं."

"अहो, पण तुमचं झाल्याशिवाय तिचं होत नाही ना!"

काकांनी चमचा वाटीत ठेवला. कधी नव्हे ते त्यांचा चेहरा कडक झाला. "ते जमत नाई बेटा," एवढंच म्हणाले आणि उठून गेले.

पुढचे काही दिवस ते आले नाहीत. रेवा अकरा वाजता दाराकडे बघत बसायची. मी चमचा नेला की तोंडही उघडेना, म्हणजे आम्ही उष्टावणाच्याही मागे गेलो. शाळेतून फोन आला, वेळापत्रक लावतोय, तुम्ही येताय ना? मी म्हटलं, कळवते. फोन ठेवला, खिचडीची वाटी घेतली, रेवाला कडेवर उचललं आणि समोरची बेल वाजवली.

काकांच्या घरात मी पहिल्यांदाच पाऊल ठेवत होते. स्वयंपाकघराचा ओटा लख्ख कोरडा. एका कोपऱ्यात टोस्टचा पुडा आणि चहाचं भांडं. बाहेरच्या खोलीत खिडकीशी एक लोखंडी पलंग, डोक्याकडची बाजू वर करता येते तसला, गादी गुंडाळून ठेवलेला. आणि त्याच्यासमोर, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ, एक स्टूल. पलंग रिकामा होता तरी ते स्टूल कोणी मागे सरकवलं नव्हतं.

माझी नजर तिथे अडकलेली त्यांनी पाहिली.

"आमची सुमन," काका म्हणाले. "लकवा झाला होता तिले. अर्धं अंग गेलं, बोलनं गेलं. मंग मंग खानंच भुलली. घास नेला तं नुसती पाहे. मले काही समजे ना. एक दिवस मीच तोंड उघडलं, तं तिनंही उघडलं." ते थोडं हसले. "मंग तेच चालू झालं. आने दो म्हनलं का हासे. मीच ट्रक धक्क्याले लावून राहिलो असं वाटे तिले."

रेवा खाली उतरायला धडपडत होती. मी तिला सतरंजीवर बसवलं.

"माझा एक नियम होता," काका म्हणाले. "तिचं झाल्याबिगर मी ताट घेत नव्हतो. तिले बोलून दाखवो, तुझं होऊ दे, मंग माझं. म्हन्जे मी उपाशी हाये म्हनून तरी ती खाईन. आन खाये, माझ्यासाठी खाये. शेवटच्या दिवशी मी तोंड उघडून बसलो, पर तिनं उघडलंच नाई. मी माझं ताट झाकून ठेवलं. म्हनलं, ती उठन तं खाईन, मंग माझं." त्यांनी स्टुलावरून हात फिरवला. "तिचं झालंच नाई बेटा. मंग माझं कसं होईन? उभ्या उभ्या चहा-टोस्ट खातो, जगाले तेवढं लागते. पर ताट घेऊन बसनं होत नाई. हात तोंडाकडे येतच नाई, समोर जाते."

इतके महिने ज्या गोष्टीमागे मी वासावर फिरत होते, ती ही होती. मला फार वाईट वाटलं. माझ्या हातात खिचडीची वाटी होती, ती मी त्यांच्यापुढे केली. त्यांनी रेवाकडे पाहिलं. रेवा त्यांच्याकडेच बघत होती, अकराची वेळ झाली आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"तुमची शाळा कधी खुलते?" काकांनी विचारलं.

"याच महिन्याच्या शेवटी."

त्यांनी वाटी घेतली. ते त्या स्टुलावर बसले नाहीत, खाली सतरंजीवर रेवासमोर बसले. चमचा भरला. तो सवयीने रेवाच्या दिशेने निघाला, अर्ध्यावर थांबला, आणि ओढून आणल्यासारखा परत वळला. त्यांच्या ओठांशी आला. आणि जे तोंड साऱ्या गावासाठी उघडत होतं, ते उघडेना. ओठ घट्ट मिटलेले, डोळे पलंगाकडे. रेवाने खिरीला केलं होतं तसंच.

रेवाने हे पाहिलं. ती पुढे सरकली, काकांच्या गुडघ्यावर तळहात आपटला, आणि त्यांच्या तोंडाकडे बघत जेवढा होईल तेवढा मोठा आ केला.

"आने दो," मी म्हटलं. "आने दो काका… आने दो…"

काकांचं तोंड उघडलं. घास आत गेला. ते सावकाश चावत राहिले, डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते त्यांनी पुसलंही नाही. रेवाने त्यांचा जबडा हलताना पहिल्यांदाच पाहिला, आणि स्वतःचा आ तसाच ठेवून वाट बघू लागली. काकांनी दुसरा चमचा भरला, अगदी टोकावर मावेल एवढा, आणि तिला दिला. तिने ओठ मिटले. जीभ आतल्या आत फिरली. काहीच बाहेर आलं नाही. मग पुन्हा काका, मग पुन्हा ती.

अर्धी वाटी झाल्यावर काकांनी चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे जरा नाराजीने पाहिलं.

"काहून वं बेटा, हे तं एकदम अळनी हाये."

"तिच्यासाठी केली ना काका. एवढ्या लहान मुलांना मीठ घालत नाहीत."

"म्हनूनच पार्टी इतके दिवस माल घेत नव्हती," काका म्हणाले. मग जरा थांबून, खाली बघत, हळूच विचारलं, "लोनचं हाये काय घरी? माझ्यापुरतं?"

त्या माणसाला कोणाकडे काही मागताना आमच्या इमारतीत कोणी पाहिलं नव्हतं. मी चप्पल न घालताच आमच्या घरात धावले. आंब्याची बरणी सापडली, पापड भाजायला वेळ नव्हता तो तसाच घेतला, ताट घेतलं, कुकरमध्ये उरलेली सगळी खिचडी त्यात काढली. डोळे पुसायला एक मिनिट गेलं. परत आले तेव्हा दोघंही सतरंजीवर शेजारी शेजारी बसून दाराकडे बघत होते, तोंडं उघडी ठेवून.